बियाण्याचा हिशेब : ग्रेगोर मेंडेल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा अंगठा उठवणारे, वडील चौथी पास, आई सहीपुरती शिकलेली. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन मी गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे पाया पडायला गेलो. त्यांनी पेढा घेतला, पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या आपुलकीने सांगितले की, पोरा, कॉलेजचा फार नाद धरू नकोस. शिक्षण रक्तात असावे लागते, ते तुमच्या घराण्यात नाही. खाण तशी माती असायचीच.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, आणि म्हणूनच ते बोलणे अधिक लागले. दुष्टाव्याने बोललेले माणूस झटकून टाकते. मायेने बोललेले आत जाऊन बसते. पहिल्या वर्षी इंग्रजीत काठावर पास झालो तेव्हा ते बोलणे आठवले. वर्गात उभे राहून बोलताना गावाकडचे उच्चार तोंडातून निघाले, मागच्या बाकांवर खसखस पिकली, तेव्हाही आठवले. यंदा मराठीच्या तासाला कर्णाविषयी चर्चा निघाली. एक मित्र म्हणाला की कर्ण मोठा झाला, कारण तो मुळात सूर्यपुत्र होता. रक्त शेवटी बोलतेच. दुसरा म्हणाला की त्याला वाढवले ते अधिरथ आणि राधेने, त्यांचा काहीच वाटा नाही का? तास संपला, पण वाद संपला नाही. मी मात्र गप्प होतो. कारण माझ्यापुरता तो वाद महाभारतातला नव्हता.

रक्तात नेमके काय येते आणि काय येत नाही, हे कोणी कधी मोजून पाहिले आहे काय, असा प्रश्न घेऊन मी ग्रंथालयात गेलो. मी कला शाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध दहावीबरोबर संपला होता. तरी पुस्तके चाळता चाळता दहावीच्या धड्यातला एक जुना ओळखीचा माणूस पुन्हा भेटला, ग्रेगोर मेंडेल. तेव्हा परीक्षेपुरते त्यांचे वाटाणे पाठ केले होते. त्यांचे आयुष्य काही कोणी शिकवले नव्हते. ते आता वाचले, आणि आपल्या मित्रमैत्रिणींना सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये झाला. गाव हाइन्झेनडॉर्फ, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज झेक प्रजासत्ताकात आहे. घरचे नाव योहान. वडील आंतोन शेतकरी होते. घरची थोडी जमीन होती, पण तिच्यावर राबायला पुरते दिवस नव्हते. आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीला जावे लागे. उरलेल्या दिवसांत घरची शेती आणि घरची फळबाग. आंतोन यांना झाडांचा नाद होता. कलमे कशी बांधावीत हे पोराने बापाच्या हाताखालीच पाहिले. दोन बहिणी होत्या, थोरली वेरोनिका आणि धाकटी टेरेझिया. योहान एकुलता एक मुलगा; रिवाजाप्रमाणे शेत त्याच्याकडेच यायचे होते.

गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मुलाची हुशारी ओळखली आणि त्याला पुढे शिकवा म्हणून आईबापांना गळ घातली. अकराव्या वर्षी तो परगावच्या शाळेत गेला आणि पुढच्या वर्षी ट्रॉपाउ, म्हणजे आजच्या ओपावा, येथील माध्यमिक शाळेत. तिथल्या खानावळीचे पुरे पैसे भरणे घरच्यांना शक्य नव्हते, म्हणून अर्ध्याच जेवणाची सोय केली होती. बाकीची भूक गावाकडून गाडीवाल्याबरोबर येणाऱ्या पावावर आणि लोण्यावर भागायची. एस.टी.च्या कंडक्टरकडे आईने दिलेला भाकरीचा डबा स्टँडवर उतरवून घेणाऱ्या आपल्या वसतिगृहातल्या मुलांना हे निराळे समजावून सांगायला नको.

१८३८ साली घरावर संकट आले. वेठीच्या कामावर असताना झाडाचा ओंडका आंतोन यांच्या छातीवर आला. जीव वाचला, पण अंगातली ताकद गेली. योहान तेव्हा सोळा वर्षांचा होता. घरून पैसे येणे बंद झाले आणि तो शिकवण्या घेऊन पोट भरू लागला. अभ्यास, शिकवण्या आणि उपासमार यांनी तब्येत ढासळली, महिनोन्महिने अंथरूण धरावे लागले. तरी १८४० मध्ये त्याने तिथले शिक्षण पुरे केले आणि विद्यापीठाच्या आधीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करण्यासाठी ओलोमोउत्स शहर गाठले. तिथे ओळखदेख नव्हती, शिकवण्या मिळेनात. पुन्हा आजारपण, पुन्हा गाव. घरच्या हताश झालेल्या बापाने अखेर शेत थोरल्या जावयाच्या नावे केले.

इथे शिक्षण संपले असते. ते संपले नाही याचे कारण टेरेझिया. ती योहानहून बरीच लहान होती. तिच्या लग्नासाठी वाटणीतून काही रक्कम बाजूला ठेवलेली होती. त्यातला हिस्सा तिने भावाच्या शिक्षणाला दिला. त्या पैशांवर त्याने ओलोमोउत्सचा अभ्यासक्रम पुरा केला. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा सारा डोलारा ज्या माणसाच्या कामावर उभा आहे, तो माणूस एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाच्या पैशांवर शिकला. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

त्यानंतर विद्यापीठात जाण्याइतका पैसा कुठून आणायचा? पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी शिफारस केली आणि १८४३ साली योहान ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगोर हे नवे नाव मिळाले. पोटाच्या चिंतेतून सुटका व्हावी म्हणून आपण मठात गेलो, हे त्यांनी पुढे एका अर्जात प्रांजळपणे नमूद केले आहे. मठ मात्र विद्येचे घर होते. मठाधिपती नाप यांना शेतीशास्त्राची आवड होती. ब्रनो हे लोकरीच्या कापडाचे केंद्र. तिथले मेंढपालक चांगल्या मेंढीचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात यावर सभा भरवून चर्चा करीत, आणि नाप त्यांत भाग घेत. मेंडेल यांचा प्रश्न काही आकाशातून पडलेला नव्हता. तो त्या गावच्या बाजारातच हिंडत होता.

धर्मोपदेशकाचे काम मेंडेल यांना झेपले नाही. रुग्णांच्या यातना पाहून ते स्वतःच आजारी पडत. हे ओळखून नाप यांनी त्यांना १८४९ मध्ये शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवले. तिथे ते रमले, विद्यार्थ्यांनाही आवडले. पण कायम होण्यासाठी परीक्षा द्यायला हवी होती. १८५० मध्ये ती दिली आणि ते नापास झाले. भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांत ते कमी पडले. प्राण्यांची नावे त्यांनी शास्त्रीय परिभाषेत न देता लोकांच्या तोंडच्या नावांनी दिली, हाही एक आक्षेप होता. पुढे १८५१ ते १८५३ अशी दोन वर्षे मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे डॉप्लर यांच्याकडे पदार्थविज्ञान, एटिंग्सहाउझेन यांच्याकडे गणित आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र ते शिकले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी परीक्षेच्या ताणाने प्रकृती बिघडून ती अर्धवट राहिली. त्यानंतर ते कधी बसलेच नाहीत. १८६८ पर्यंत त्यांनी शिकवले ते बदली शिक्षक म्हणूनच.

आणि नेमक्या त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यांचे संकर सुरू केले. जागा सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद. आपल्या भाषेत अडीच गुंठ्यांच्या आसपास. तत्पूर्वी दोन वर्षे त्यांनी बियाणेवाल्यांकडून आणलेले वाटाण्याचे ३४ वाण लावून तपासले होते. कोणता वाण पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा येतो हे पाहून त्यांतले २२ पक्के केले. मग एकमेकांहून स्पष्ट वेगळे दिसणारे सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, असे.

काम नाजूक होते. वाटाण्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून कळी पुरती उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावायचे आणि भुंगे-किडे शिरू नयेत म्हणून वर पिशवी बांधायची. मग शेंगा पिकेपर्यंत थांबायचे, सोलायच्या आणि दाणे मोजायचे. आठ वर्षांत सुमारे २८ हजार झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

त्यांना काय दिसले? गोल दाण्याच्या वाणाचा सुरकुतलेल्या वाणाशी संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती जणू नाहीशी झाली. पण ही झाडे स्वतःच्या परागावर फळू दिली, तेव्हा पुढच्या पिढीत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. रंगाच्या बाबतीत ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे. दोन्हीकडे प्रमाण जवळजवळ तीनास एक. इतरांनीही संकर केले होते, पण असे मोजले कोणी नव्हते. मेंडेल पुढे गेले. गोल दाण्यांपासून उगवलेली ५६५ झाडे त्यांनी तपासली. त्यांतली १९३ निव्वळ गोल दाणे देणारी निघाली, आणि ३७२ झाडांच्या पोटी पुन्हा गोल व सुरकुतलेले असे दोन्ही आले. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे दाणे आतून सारखे नव्हते. यावरून त्यांनी ताडले की प्रत्येक गुणासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन घटक येतात. ते दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत. वेगवेगळे राहतात आणि पुढच्या पिढीला देताना पुन्हा सुटे होतात. एक प्रभावी असतो तो दिसतो, दुसरा अप्रभावी तो दबून राहतो. पण दबला म्हणजे मेला असे नव्हे.

हे वाचताना मला आमचे शेत आठवले. हायब्रीड ज्वारीचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. एका वर्षी पैशांची ओढाताण होती, म्हणून वडिलांनी आदल्या वर्षीच्याच पिकातली टपोरी कणसे बियाण्याला धरली. ज्वारी उगवली, पण सारे रान उंचसखल. एक ताट डोक्यावर गेलेले, शेजारचे कमरेइतके. एक कणीस आज पिकलेले, दुसरे अजून हिरवे. बी खोटे निघाले म्हणून वडील हळहळले. बी खोटे नव्हते. पहिल्या पिढीत दबलेले आजे-पणजे दुसऱ्या पिढीत वर आले होते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मठाच्या बागेत जे मोजले गेले, ते आमच्या बांधावर माझ्या डोळ्यांदेखत उभे होते.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपले काम दोन व्याख्यानांत मांडले. पुढच्या वर्षी ते मंडळाच्या वार्षिकात छापले गेले. त्याच्या ४० जादा प्रती त्यांनी काढून घेतल्या आणि काही विद्वानांना पाठवल्या. वनस्पतींच्या सभेत गणित कशाला, असे ऐकणाऱ्यांना वाटले असावे. म्युनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी उत्तर पाठवले खरे, पण त्यांची खात्री पटली नाही. त्यांच्या आवडत्या हॉकवीड या रानझाडावर मेंडेल यांनी वर्षानुवर्षे डोळे शिणवले. तिथे नियम जुळेना. त्या झाडाचे बी बहुधा फलनावाचूनच तयार होते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. १८५९ साली डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ आला होता. मेंडेल यांनी त्याचे जर्मन भाषांतर खुणा करीत वाचले. उत्क्रांतीला गुण पुढच्या पिढीत टिकून राहण्याची रीत हवी होती; ती डार्विनना अखेरपर्यंत सापडली नाही, आणि मेंडेल यांचा निबंध त्यांच्या वाचनात कधी आला नाही. एकाचे कुलूप आणि दुसऱ्याची किल्ली अशीच दोन देशांत पडून राहिली.

१८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि बाग मागे पडली. हवामानाच्या नोंदी आणि मधमाश्या एवढे छंद उरले. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे म्हणून मरेपर्यंत ते भांडले आणि कर भरला नाही. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते वारले. संगीतकार यानाचेक यांच्या नेतृत्वाखाली अंत्यविधीचे संगीत झाले, गोरगरिबांनी गर्दी केली. एक भला मठाधिपती गेला याचे गावाला दुःख झाले. एक मोठा शास्त्रज्ञ गेला हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. सोळा वर्षांनी, १९०० साली, द फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तिघांनी आपापल्या प्रयोगांच्या वाटेने तेच नियम गाठले, आणि जुने कागद चाळताना त्यांना आपल्या आधी कोणीतरी इथे येऊन गेल्याचे कळले.

इथपर्यंतची कथा कोणत्याही विज्ञानपुस्तकात सापडते. मला खरी अडचण याच्या पुढे आली.

मेंडेल जन्मले त्याच १८२२ साली इंग्लंडमध्ये आणखी एक मूल जन्माला आले, फ्रान्सिस गॉल्टन. घराणे सावकारी पेढीचे, आणि डार्विन नात्याने भाऊ. वडील वारल्यावर एवढी मालमत्ता मिळाली की जन्मभर नोकरी करावी लागली नाही. त्यांनाही विद्यार्थीदशेत अभ्यासाचा ताण सोसला नव्हता आणि केंब्रिजची साधी पदवी घेऊन ते बाहेर पडले. पण त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. मेंडेल वाटाणे मोजत होते तेव्हा गॉल्टन मोठी माणसे मोजत होते. न्यायाधीश, सेनापती, मुत्सद्दी, शास्त्रज्ञ, कवी यांच्या वंशावळी लावून त्यांनी १८६९ साली एक ग्रंथ लिहिला आणि प्रतिभा घराण्यातून वाहते असा निष्कर्ष काढला. १८८३ मध्ये त्यांनी सुप्रजननाच्या विचाराला नाव दिले: चांगल्या वंशाची माणसे वाढवावीत आणि हलक्या वंशाची वाढू देऊ नयेत. संख्याशास्त्रावर गॉल्टन यांचे उपकार मोठे आहेत, हे नाकारता येत नाही. पण न्यायाधीशाच्या मुलाला बापाकडून रक्ताबरोबर घर, पुस्तके, ओळखी आणि दोन वेळचे जेवणही मिळते, याची वजाबाकी त्यांनी नीटशी केली नाही. त्यांची वही घेऊन कोणी हाइन्झेनडॉर्फला गेला असता, तर वेठीला जाणाऱ्या आंतोनच्या घरापुढे त्याने शून्यच मांडले असते.

साहित्यातही हे वारे शिरले होते. फ्रेंच कादंबरीकार झोला यांनी १८७१ ते १८९३ या काळात एकाच घराण्यावर वीस कादंबऱ्या लिहिल्या. पूर्वजांचे व्यसन आणि वेड वंशजांत कसे उतरते हा त्यांचा एक धागा. मात्र झोला यांनी खाणी, बाजार आणि दारिद्र्यही तितक्याच बारकाईने रंगवले. त्यामुळे पात्राला रक्ताने बुडवले की परिस्थितीने, हे त्या कादंबऱ्या आपल्यालाच ठरवायला लावतात.

१९०० नंतर मेंडेल यांचे नियम हाती आले, आणि माणसाचा स्वभाव म्हणजे जणू वाटाण्याचा दाणा असे समजणारे लोक पुढे सरसावले. अमेरिकेतील गॉडर्ड यांनी १९१२ मध्ये एका कुटुंबाची वंशावळ मांडून मंदबुद्धी हा मेंडेलच्या नियमाने उतरणारा एकच दोष आहे असे सांगितले. डेव्हनपोर्ट यांनी १९१९ मध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला आणि समुद्राची ओढ हाही वंशातून येणारा एक घटक ठरवला. हे वाचून हसू येते, पण हसून भागत नाही. १९०७ मध्ये इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढे अमेरिकेत ६० हजारांहून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. जर्मनीत नाझी राजवटीने जुलै १९३३ मध्ये तसाच कायदा केला आणि सुमारे चार लाख लोकांना निर्बीज केले. आपल्याकडेही जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीची शास्त्रीय योजना आहे, असे म्हणणारे विद्वान होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरला होऊ न शकलेल्या आपल्या भाषणात, या दाव्याचा मुद्देसूद समाचार घेतला. ते भाषण त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. याच्या उलट टोकाची चूक रशियात झाली. तिथे सारे काही परिस्थितीनेच घडते या हट्टापायी १९४८ मध्ये मेंडेल यांच्या शास्त्रावरच बंदी आली. त्याआधी १९४३ मध्ये थोर बियाणेशास्त्रज्ञ वाविलोव्ह तुरुंगात मरण पावले होते.

आता माझी कबुली. या लेखाचा पहिला खर्डा मी लिहिला तेव्हा त्यात मोठ्या ऐटीत असे म्हटले होते की आमच्या घराण्यातली विद्या हा अप्रभावी गुण होता. तीन पिढ्या दबून राहिला आणि माझ्या रूपाने वर आला. त्या गृहस्थांना हे सडेतोड उत्तर आहे असे मला वाटत होते. दोन दिवसांनी तेच वाक्य पुन्हा वाचले आणि चटका बसला. मी तर गॉडर्डचेच गणित मांडले होते, फक्त उत्तर माझ्या सोयीचे काढले होते. रक्तात विद्या नाही म्हणणारा आणि रक्तात विद्या दडली होती म्हणणारा, दोघेही विद्येला वाटाणाच समजत होते.

वाटाण्याच्या सुरकुतीचे कारण १९९० मध्ये सापडले. एका जनुकात आगंतुक तुकडा घुसल्याने दाण्यात पिष्ट नीट तयार होत नाही, साखर व पाणी जास्त राहते आणि वाळताना साल आकसते. एक गुण, एक जनुक. पण माणसाची नुसती उंची घेतली तरी २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या अभ्यासातून तिच्याशी निगडित अशा १२ हजारांवर जागा आढळल्या. आणि एवढे असूनही पोटाला अन्न मिळाले नाही तर उंची खुंटतेच. जिथे उंचीची ही कथा, तिथे धीर, चिकाटी, अभ्यासाची गोडी यांचा हिशेब एका घटकावर कसा मांडणार? आनुवंशिकता खोटी आहे असे मी म्हणत नाही. आजीचा दमा वडिलांत आहे आणि तिचे नाक माझ्या तोंडावर आहे. पण बी म्हणजे पीक नव्हे, हे शेतकऱ्याच्या पोराने तरी विसरू नये.

मेंडेल यांची सारी कथा पुन्हा वाचताना माझी नजर मेंडेल यांच्यावरून टेरेझियाकडे गेली. तिचे आईबाप तेच, घर तेच, बागही तीच. बियाणे जर सारखे होते, तर एकाच्या नावाने शास्त्र ओळखले जाते आणि दुसरीचे नाव त्याच्या चरित्रात एका ओळीपुरते येते, हे कसे? उत्तर सोपे आहे. एकाला परगावच्या शाळेत पाठवले, दुसरीच्या लग्नासाठी पैसे राखून ठेवले. मेंडेल यांना त्या ऋणाची जाणीव होती. टेरेझियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

२०२१ साली, द्विजन्मशताब्दीच्या निमित्ताने, मठाच्या संमतीने मेंडेल यांचे अवशेष थडग्यातून काढून त्यांच्या जनुकांचा आराखडा वाचण्यात आला. मधुमेह, हृदयाचे व मूत्रपिंडाचे विकार यांच्याशी संबंध असलेल्या खुणा त्यात सापडल्या. ज्याने आनुवंशिकता मोजायला शिकवले, त्याचीच आनुवंशिकता अशी मोजली गेली. पण त्या आराखड्यात ट्रॉपाउच्या गाडीवाल्याकडून येणारा पाव सापडणार नाही. टेरेझियाचे पैसेही नाहीत. आणि ते नसते तर योहान मेंडेल गावात कुणाच्या तरी शेतावर राबत राहिला असता, व पेढे घेऊन आलेल्या त्याच्या नातवाला कोणी तरी सांगितले असते की शिक्षण तुमच्या रक्तात नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, सातवीत वर्गात पहिली आली होती. पुढची शाळा पाच किलोमीटरवर होती आणि घरात धाकटा भाऊ सांभाळायला कोणी हवे होते. तो धाकटा भाऊ मी. आज ती सासरी शिलाईमशीन चालवते. गेल्या वर्षी परीक्षेची फी भरायला दोन दिवस उरले असताना, ब्लाउज शिवून साठवलेले पैसे तिने रुमालात बांधून माझ्या हातात ठेवले होते. मी तेव्हा ते मुकाट्याने घेतले. मेंडेल यांचे चरित्र वाचेपर्यंत त्या रुमालाकडे मी नीट पाहिलेच नव्हते.

आक्काची मुलगी यंदा चौथीत आहे. दिवाळीच्या सुटीत मी तिला हरभऱ्याचे दाणे मोजायला लावून तीनास एक म्हणजे काय ते शिकवले. तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळले. ते तिच्या रक्तात होते की काय, याची चौकशी मी केली नाही. सातवीनंतर तिने त्या पाच किलोमीटरवरच्या शाळेत जायचे, एवढे मात्र मी आक्काशी आणि दाजींशी बोलून पक्के केले आहे. सायकल मी घेणार आहे.